इंजिन उतरले, आता लेथवर काय काय न्यायचे?



गळीत हंगाम संपतो, ट्रॅक्टर-ट्रॉल्या दाराशी लागतात आणि पावसाळ्यात इंजिनकामाचा विषय निघतो. ऊस वाहतूक म्हणजे ट्रॅक्टरला कष्टाचेच काम. फडातून भरलेली ट्रॉली ओढायची, फुफाट्याच्या वाटेने यायचे, नंबर लागेपर्यंत कारखान्याच्या आवारात ताटकळायचे. असे काही हंगाम काढले की इंजिन ऑइल खाऊ लागते, जोर कमी पडतो. मिस्त्री इंजिन खोलतो आणि लेथवाला म्हणतो, "मालक, आता खोललंच आहे, तर सगळंच करून टाकू."

काही सभासद या बोलण्याला मान डोलावतात आणि उसाच्या बिलातला मोठा हिस्सा तिथेच जातो. काही जण उलट नुसत्या रिंगा टाकून भागवतात आणि ऐन तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बसतो. दोन्हीकडे नुकसान आपलेच. म्हणून कोणते काम खरोखर पैसे वसूल करून देते आणि कोणते टाळता येते, याची माहिती येथे देत आहोत.

आधी धूर पाहा

काळा धूर येत असेल तर एअर क्लीनर, नोझल आणि डिझेल पंप तपासा. बहुतेक वेळा इंजिन खोलण्याची गरजच पडत नाही. निळा धूर, ब्रीदरमधून फसफस आणि वरचेवर ऑइल घालावे लागणे, ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर रिंगा आणि लाईनर झिजले असे समजावे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतच राहिला आणि पाणी कमी होत असेल तर गॅस्केट किंवा हेडला चीर असण्याचा संशय घ्यावा.

लाईनर व पिस्टन

लाईनर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जेथे थांबते तेथे झीज सर्वांत जास्त असते आणि तिच्यावर न झिजलेली कड राहते. बोअर गेजने वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी माप घ्यायला सांगा. झीज कंपनीच्या पुस्तकातील मर्यादेत असेल तर कड काढून, हलके होनिंग करून नव्या रिंगा चालतात. कड तशीच ठेवून रिंगा टाकल्या तर नवी रिंग कडेवर आपटून तुटते. झीज मर्यादेबाहेर असेल तर रिंगांवर खर्च करणे म्हणजे फाटक्या पोत्याला ठिगळ लावणे.

वेट लाईनर असेल तर बोअरिंगचा खर्च करू नका. जुना काढून नवा बसवता येतो. नवा लाईनर तयार मापाचा आला असेल तर त्यावर पुन्हा होनिंग नको. त्याचा माथा ब्लॉकपेक्षा किंचित वर राहिला पाहिजे, तरच गॅस्केट घट्ट दबते. त्यामुळे ब्लॉकचे फेसिंग उगाच करू नये. केलेच तर लाईनरची बैठकही तेवढीच खाली घ्यावी लागते.

क्रँक

इथे मात्र काटकसर करू नका. जर्नलवरून नख ओढून पाहा. नख अडकले तर ग्राइंडिंग हवेच. नख अडकले नाही तरी मायक्रोमीटरने दोन दिशांनी माप घ्या, कारण जर्नल अंडाकृती झालेले डोळ्यांना दिसत नाही. माप मर्यादेत असेल तर पॉलिश करून मूळ मापाची नवी बेअरिंग पुरेत. ग्राइंडिंग करायचे झाले तर दहा थाऊ (०.२५ मि.मी.) पुरत असताना वीस थाऊ करू देऊ नका. पुढच्या वेळेची शिल्लक तेवढी कमी होते.

काम घेताना तीन गोष्टी पाहा. जर्नलच्या कोपऱ्यात गोलाई राहिली आहे ना? कोपरा काटकोनी झाला तर क्रँक तिथेच तुटते. ऑइलच्या भोकांच्या कडा मोडल्या आहेत ना? आणि आतल्या ऑइल वाटा धुऊन, हवा मारून स्वच्छ केल्या आहेत ना? दगडाची पूड आत राहिली तर नवी बेअरिंग लवकरच खराब होतात.

हेड

हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजा. फट मर्यादेत असेल तर फेसिंग नको. डिझेल इंजिनात हेड जास्त घासले की व्हॉल्व्ह वर येतात आणि पिस्टनला लागण्याची भीती असते. नोझलचे टोकही जास्त बाहेर येते. व्हॉल्व्ह सीट मात्र तपासाच. हेड आडवे करून पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओता. व्हॉल्व्हखालून पाझरले तर लॅपिंग करा, सीट खोल खड्ड्यांची झाली असेल तर कटिंग करा. गाईड ढिले असतील तर आधी गाईड, मग सीट. उलट क्रमाने केलेली सीट मध्यावर राहत नाही.

जी कामे बहुधा लागत नाहीत

बेअरिंग फिरून घर खराब झाले नसेल, इंजिन प्रमाणाबाहेर तापले नसेल तर लाइन बोअरिंगची गरज सहसा पडत नाही. पोर्ट घासून गुळगुळीत करणे ट्रॅक्टरला व्यर्थ आहे. सिलिंडरमध्ये पाणी शिरले होते किंवा पिस्टन जाम झाला होता, तर कनेक्टिंग रॉड वाकला आहे का हे मात्र जरूर पाहावे.

निर्णय कसा करावा?

आमच्या मते एकच प्रश्न विचारावा : "हे काम राहिले तर पुन्हा काय काय खोलावे लागेल?" हेड व नोझल ट्रॅक्टर न सोडवता काढता येतात. ती कामे पैशाची अडचण असेल तर पुढच्या पावसाळ्यावर ढकलता येतील. क्रँक आणि मेन बेअरिंगसाठी बहुतेक ट्रॅक्टर मधोमध सोडवावे लागतात. तिथे आज वाचवलेला पैसा हंगामात मजुरीसह आणि बुडालेल्या खेपांसह परत द्यावा लागतो.

शेवटी एक विनंती. लेथवाल्याकडून प्रत्येक सिलिंडरचे व जर्नलचे माप कागदावर लिहून घ्या आणि घरी जपून ठेवा. माप न घेता जो "सगळंच करू" म्हणतो, त्याला आधी माप मागा. आणि एवढा खर्च केल्यावर एअर क्लीनरचे ऑइल वेळेवर बदलायला विसरू नका. फडाच्या वाटेवरचा धुरळाच लाईनर खातो.