वस्त्रगाळ धूळ आणि श्वासाचा रुग्ण

चूर्ण वस्त्रगाळ असावे, हा औषधीनिर्माणातील आपला प्रारंभीचा पाठ. कापडातून जे गळून येते ते सूक्ष्म आणि जे सूक्ष्म ते शरीरात शीघ्र पसरते, हे आपण विद्यार्थिदशेपासून जाणतो. हेच तत्त्व रोगाच्या बाजूनेही तितकेच खरे आहे, याची जाणीव मला एका सुतार रुग्णाने करून दिली.

जव्हार व मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ, अतिपर्जन्याचे तालुके. येथे सागाचे लाकूडकाम व बोहाड्याचे मुखवटे घडविण्याची परंपरा आहे. घरगुती सुतारकाम बहुधा राहत्या घराच्या पडवीतच चालते. करवत, रंधा व पटाशी यांनी पडणारा भुसा जाड असे व लगेच जमिनीवर बसे. विजेवर चालणारे कटर व सँडर आले, काम वेगाने होऊ लागले. मात्र धूळ अतिसूक्ष्म झाली व तासन्‌तास हवेत तरंगू लागली.

सदर रुग्ण पंचेचाळिशीचा. पहाटे शिंका, रात्री घुरघुर, आडवे पडताच श्वास लागणे व बसल्यावर बरे वाटणे, अशी तमक श्वासाची लक्षणे होती. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्याने थुंकीची तपासणी करविली; ती निर्दोष आली. सितोपलादी, वासा, कंटकारी यांनी उपशय मिळे आणि पंधरवड्यात व्याधी पुन्हा उलटे. धुळीविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, धूळ खेचायचं यंत्र लावलंय. सगळी पिशवीतच जाते." मी तेवढ्यावर समाधान मानले. येथेच माझी चूक झाली.

काही महिन्यांनी त्याच्या घरी जाण्याचा योग आला. डस्ट कलेक्टरची खालची पिशवी गळ्यापर्यंत भरली होती. वरची गाळणपिशवी पावसाळी दमटपणाने आतून थापलेल्या मातीसारखी कडक झाली होती व शिवणीजवळ उसवली होती. दार लावून, अंधार करून, यंत्र सुरू ठेवून विजेरीचा झोत टाकला, तेव्हा पिशवीभोवती धुळीचे धुकेच दिसले. पिशवीमागच्या कुडापलीकडे त्याचे अंथरूण होते. यंत्र धूळ खेचून, तिच्यातील जाड भाग स्वतःकडे ठेवून, वस्त्रगाळ भाग त्याच घरात परत सोडत होते.

चरकाचार्यांनी हिक्का-श्वासाच्या हेतूंत रज व धूम यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. निदानपरिवर्जन हेच चिकित्सेचे सार, हे सुश्रुताचार्यांचे मतही सर्वज्ञात आहे. आधुनिक शास्त्र तेच मापाने सांगते. दहा मायक्रॉनहून लहान कण घशाखाली उतरतात, अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. सुमारे ३० मायक्रॉनची साधी कापडी पिशवी हे कण पुरेसे अडवू शकत नाही. १ ते ५ मायक्रॉनची जाड फेल्टची पिशवी वा घडीदार कार्ट्रिज फिल्टर त्याहून पुष्कळ उपयुक्त. सागाच्या धुळीने त्वचेवर कंडू व पुरळही उठतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ मानवी कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदविली आहे. म्हणून जुन्या सुताराची एकच नाकपुडी सतत चोंदत असेल वा तीतून रक्त येत असेल, तर नस्यावर विसंबून न राहता त्यास नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवावे.

फिल्टरची निगा सांगताना पुढील बाबी रुग्णास समजावून द्याव्यात. खालची पिशवी दोन-तृतीयांश भरताच रिकामी करावी. वरची पिशवी काम संपल्यावर, यंत्र बंद करून हलकेच झटकावी. काठीने बडवू नये. धूळ खाली बसू द्यावी व मगच पिशवी उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, एन-९५ मुखपट्टी लावून सोडवावी. कार्ट्रिजवर हवा मारावयाची तर कमी दाबाने व धुळीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने मारावी. जोराच्या झोताने घड्या फाटतात. कापड कोरे करण्याचा हट्ट नसावा, कारण कापडावरील धुळीचा पातळ थर स्वतःच सूक्ष्म कण अडवितो; मात्र थर जाड झाला की ओढ मंदावते. शोषणमुखाशी कागदाची पट्टी धरून ही ओढ वेळोवेळी पाहावी. निर्मात्याने सांगितले असेल तरच पिशवी धुवावी व पूर्ण वाळल्याशिवाय चढवू नये. पावसाळ्यात काम बंद असेल त्या दिवसांत ती झटकून कोरड्या जागी ठेवावी. उसवलेली शिवण म्हणजे फिल्टर नसल्यासारखेच. जमीन कोरड्या केरसुणीने झाडू नये, कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारू नये. लाकडाची सूक्ष्म धूळ पेट घेते. म्हणून यंत्राजवळ विडी नको आणि लोखंड घासण्याचे ग्राइंडर त्याच नळीस जोडणे नको.

रुग्णाने फेल्टची नवी पिशवी घेतली, यंत्र पडवीच्या बाहेरच्या अंगास छपराखाली हलविले व अंथरूण दूर नेले. औषधे तीच ठेवली. तमक श्वास याप्य आहे. तो समूळ गेला असे मी म्हणणार नाही. परंतु त्या हिवाळ्यात वेग विरळ झाले आणि रात्री उठून बसण्याचे प्रसंग क्वचितच आले. आधीच्या महिन्यांत मी दिलेले औषध चुकीचे नव्हते. ते रोज रात्री धुळीशी झुंजत होते.

औषधनिर्मात्या बंधुभगिनींनीही आपल्या चूर्णविभागाकडे याच दृष्टीने पाहावे. पल्व्हरायझरच्या पिशवीतून सुटणारी सुंठ-पिंपळीची धूळ आपल्याच कामगाराच्या छातीत जाते. ती पिशवी शेवटची केव्हा झटकली, तिची शिवण कोणी पाहिली, याची नोंद बॅचच्या नोंदीशेजारीच असावी. एका द्रव्याची पिशवी दुसऱ्यास वापरू नये, हे वेगळे सांगणे न लगे.

प्रश्नपरीक्षेत "धूळ लागते का?" एवढेच विचारून थांबू नये. "पिशवी केव्हा साफ केली?" हाही प्रश्न विचारावा आणि शक्य तेथे ती स्वतः पाहून यावी. इत्यलम्‌.