समसंभाव्यतेचा प्रश्न

तीन फासे टाकले असता बेरीज ९ येण्याचे प्रकार सहा आणि १० येण्याचेही सहाच. तथापि जुगाऱ्यांना १० अधिक वेळा पडताना दिसे. गॅलिलिओने याची उकल केली. हे प्रकार समसंभाव्य नाहीत : ३-३-३ एकाच रीतीने पडते, १-२-६ सहा रीतींनी. फासे परस्परभिन्न मानून मोजल्यास २१६ फलितांपैकी ९ ची २५ व १० ची २७ भरतात. अंतर अवघे १/१०८. ते नुसत्या खेळातून हेरणाऱ्यांच्या चिकाटीचे नवल वाटते!

परंतु फासे भिन्न मानावेत, हे गणित सांगत नाही. ते अनुभवावरून ठरते. दोन कण व दोन अवस्था घेतल्यास फाशांच्या न्यायाने फलिते चार होतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये प्रकाशकणांसाठी योजलेल्या गणनेत ती तीनच, आणि तिन्ही समसंभाव्य. प्लांकचा प्रारणनियम याच गणनेतून निघतो.