ट्रान्झिस्टर : त्याचे आयुष्य, बिघाड आणि तपासणी

१४ एप्रिलची जयंती असो, १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन असो वा वर्षावासातील ग्रंथवाचन असो, विहारातला अँप्लिफायर ऐन वेळी मुका होतो. दुरुस्ती करणारा सांगतो, "ट्रान्झिस्टर उडाला." वर्गणीतून पैसे दिले जातात, नवा भाग बसतो आणि कधी कधी महिन्याभरात पुन्हा तीच रड सुरू होते. 'उडाला' म्हणजे नेमके काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही. ते विचारता यावे, एवढ्याचसाठी हा लेख.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. विल्यम शॉक्ली यांच्यासह त्यांना १९५६ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली व दिली, तेच हे वर्ष.

ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात : एमिटर, बेस व कलेक्टर. पाटाचे दार हाताने थोडेसे उचलले की पाण्याचा मोठा लोंढा सुटतो. तसेच बेसमधील अल्प प्रवाह कलेक्टरमधील मोठ्या प्रवाहावर ताबा ठेवतो. जुन्या व्हॉल्व्हमध्ये तापणारी तार असे व ती झिजे. ट्रान्झिस्टरमध्ये अशी तार नाही. म्हणून मर्यादेत वापरल्यास तो अनेक दशके टिकतो.

तरीही तो अमर नाही. त्याचा पहिला शत्रू उष्णता. अँप्लिफायरमध्ये सर्रास आढळणारा २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर १५ अँपिअर प्रवाह आणि ६० व्होल्टपर्यंतचा दाब सोसतो, पण त्याची आतील उष्णता २०० अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. ट्रान्झिस्टर तापला की प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की तो आणखी तापतो, आणि हे चक्र आवरले नाही तर तो जळतो. दुसरे कारण म्हणजे रोजचे तापणे व निवणे. त्यामुळे आतील सांधे थकतात व तडकतात. तिसरे, वेष्टनातून शिरलेली ओल. चौथे, मर्यादेबाहेरचा दाब. मॉसफेट जातीला तर हाताला साठलेली स्थिर वीजसुद्धा मारक ठरते. जुन्या रेडिओतील एएफ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरची तऱ्हा निराळीच. त्याच्या डबीत कथलाचे केसासारखे सूक्ष्म तंतू वाढतात आणि आतल्या आत शॉर्ट करतात. न वापरता ठेवलेला सेटही असा बिघडू शकतो.

आता तपासणी. प्रथम वीज बंद करून प्लग काढावा. मोठ्या कपॅसिटरमध्ये नंतरही वीज साठलेली असते. ती जाणकाराने रेझिस्टरमधून उतरविल्याशिवाय आत हात घालू नये. ट्रान्झिस्टर शक्यतो सर्किटमधून सोडवून घ्यावा, कारण शेजारचे रेझिस्टर खोटे आकडे दाखवितात. डिजिटल मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवावा. एनपीएन ट्रान्झिस्टर असेल तर लाल टोक बेसला व काळे टोक आळीपाळीने एमिटर आणि कलेक्टरला लावावे. दोन्ही वेळा सिलिकॉनला सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट, तर जर्मेनियमला ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. टोके उलटी केल्यावर काहीच वाहू नये. कलेक्टर व एमिटर यांच्यामध्ये कोणत्याही बाजूने प्रवाह दिसू नये. मात्र जर्मेनियममध्ये थोडी गळती असतेच. पीएनपीला हीच कृती टोके बदलून करावी. कलेक्टर-एमिटर शॉर्ट आढळले किंवा बेसकडून दोन्ही बाजूंना काहीच मिळाले नाही, तर ट्रान्झिस्टर गेला असे समजावे. अर्थात, ही चाचणी मेलेला ट्रान्झिस्टर दाखविते. केवळ तापल्यावर किंवा पूर्ण दाबाखाली दगा देणारा तिच्यातून निसटू शकतो.

खरा प्रश्न यापुढचा आहे. तो का गेला? अभ्रकाची चकती फुटली होती काय? हीटसिंकवर धूळ साचली होती काय? स्पीकरची तार शॉर्ट होती की क्षमतेपेक्षा जास्त कर्णे जोडले होते? कारण तसेच ठेवून नवा ट्रान्झिस्टर बसविणे म्हणजे वर्गणीचा पैसा पुन्हा जाळणे होय. दुरुस्तीनंतर सेट प्रथम साध्या तारेच्या बल्बशी सिरीजमध्ये जोडून चालू करावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बहुधा ठीक, पण तो भगभगीत पेटून राहिला तर दोष अजून शिल्लक आहे.

कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे तथागतांनी प्रतीत्यसमुत्पादातून शिकविले. कालाम सुत्तात ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, अशी त्यांची शिकवण आहे. ती केवळ प्रवचनापुरती नाही. प्रत्येक विहारात एक मल्टिमीटर असावा आणि वस्तीतील चार मुलामुलींना तो वापरता यावा. त्यात वर्गणी तर वाचेलच, शिवाय त्या मुलांच्या हाती एक हुन्नरही येईल.