राहुटीतली वही

नारायणगावात दुपारचे तीन वाजलेत. पाडवा चार दिवसांवर आलाय. रस्त्याकडेला तमाशा फडांच्या राहुट्या ओळीनं उभ्या आहेत. प्रत्येकीपुढे रंगीत बोर्ड, आत टेबल, मॅनेजर आणि तारखांची वही. गावोगावच्या यात्रा कमिट्या जीपमधून उतरतात, दोन-चार राहुट्यांत भाव काढतात, चहा घेतात आणि कुठंतरी खेळाची सुपारी देऊन मोकळ्या होतात. चैत्र पौर्णिमेच्या रात्रीसाठी सगळ्यांत जास्त ओढाताण चाललीय.

मी बसलेय त्या राहुटीच्या मागच्या अंगाला मात्र कनात लावून वेगळीच बैठक भरलीय. सतरंजीवर वीसेक माणसं आहेत. वेगवेगळ्या फडांत नाचणाऱ्या बाया, दोन सोंगाडे, सुरत्ये, एक ढोलकीवाले मामा, तंबू ठोकणारे तीन बिगारी. बांबूला अण्णाभाऊ साठ्यांची तसबीर टांगलीय. 1944 साली लाल बावटा कलापथक उभं करणाऱ्यांतले अण्णाभाऊ. कामगारांचं दुखणं तमाशाच्या घाटात बसवून त्यांनी गिरणगावात नेलं. त्या तमाशातल्या माणसांची स्वतःची मजुरीची बैठक आज त्यांच्या फोटोखाली बसलीय, हे बघून मला भरून येतंय.

मधोमध बसलेल्या ताईच्या मांडीवर लाल कापडी बांधणीची लांबट वही आहे, किराणा दुकानात उधारीसाठी ठेवतात तशी. ताई स्वतः फडात नाचते. बारावीपर्यंत शिकलीय. पानावर तिनं पट्टीनं रकाने आखलेत. तारीख, गाव, रात्र, हजेरी म्हणजे सकाळचा खेळ, उचल, कापले, सही. मी वाकून वाचते. एका ओळीत लिहिलंय, ‘रात्र 1, हजेरी 1, अंगात ताप, तरी खेळ.’

उचल हा शब्द आला की सतरंजीवरची कुजबुज थांबते. पावसाळ्यात फड बंद असतात. घरात लग्न निघतं, दवाखाना निघतो, पोरांच्या शाळेचे पैसे भरायचे असतात. मग मालकाकडून उचल घ्यायची आणि ती दसऱ्यापासून पुढच्या हंगामात फेडायची. हंगाम पडला तर उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या मानेवर. ती फिटेपर्यंत फड बदलता येत नाही.

‘माझी किती राहिली ते मला दरसाली तोंडी कळतं,’ चाळिशीची एक बाई सांगते. ‘मालक खोटं बोलतो असं न्हाई म्हणत मी. पण माझ्याकडं काय हाय दाखवायला?’

खुर्चीवर एका छोट्या फडाच्या मालकीणबाई बसल्यात. त्या बैठकीला आल्या याचंच मला कौतुक वाटतंय. ‘माझ्याकडं तरी कुठं हाय?’ त्या म्हणतात. ‘डिझेल, ट्रकचा हप्ता, जनरेटर. तुमची उचल मी सावकाराकडनंच आणते. तुमच्या वहीत ते बी लिवा.’

ताई खरंच लिहून घेते. मला हे महत्त्वाचं वाटतं. फडमालकाला खलनायक ठरवून भाषण करणं सोपं आहे आणि त्यावर टाळ्याही पडतात. पण मालक आणि कलाकार एकाच सावकाराच्या दोरीनं बांधलेले असतील, तर ती दोरी दोघांनी मिळूनच सोडवावी लागणार.

ढोलकीवाले मामा इतका वेळ गप्प होते. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी गुंडाळलीय. पट्टीच्या कडेनं चामडी भेगाळून पांढरी पडलीय. ते विचारतात, ‘मार्केटात पोतं उचलणाऱ्या हमालाचं मंडळ झालं. मग आमचं का व्हत न्हाई?’

मामांचा प्रश्न नेमका आहे. महाराष्ट्राचा माथाडी कायदा 1969 चा. हमालाचा मालक रोज बदलतो, तरी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा होते. मंडळ मजुरी हातात देतं, लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे उभे राहतात. कुणा एकाच्या मर्जीवर ते अवलंबून नसतं. तमासगिराचं गाव रोज बदलतं, कमिटी रोज बदलते. सुपारीतला ठरावीक हिस्सा अशा मंडळात गेला तर काय होईल, हे ताई बोटांवर मोजून सांगते. बिगारी पुढे सरकून ऐकतात. तंबूचे खुंटे ठोकणारा माणूसही त्या हिशेबात आहे हे कळल्यावर त्यातला एक जण विचारतो, ‘आमी बी कलाकारात धरायचं का?’

‘कामात धरायचं,’ ताई म्हणते.

राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देतं, 2024 पासून महिना 5000 रुपये. ते मिळायलाच हवं. पण ते वय झाल्यावर येतं आणि अर्ज करताना इतकी वर्षं कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. पुरावा कुठून आणायचा? हँडबिलं पावसात गेली, जुने मालक वारले. ताईची वही मला म्हणूनच मोलाची वाटते. 2020 चा पाडवा 25 मार्चला होता, देशातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस. ऐन सुपाऱ्यांच्या दिवसांत राहुट्या उठल्या आणि सगळा हंगाम बुडाला. त्या वर्षी कोण किती रात्री नाचणार होतं, हे दाखवणारा एकही कागद या माणसांकडे नव्हता. काहींनी पुढे ई-श्रम कार्ड काढलं, बारा आकडी नंबर मिळाला. मामा खिशातून आपलं कार्ड काढून दाखवतात. व्यवसाय, शेतमजूर.

‘तसं का लिवलं, मामा?’

‘लिवणाऱ्यानं विचारलं, बाकीचे महिने काय करता?’

कुणीतरी विठाबाईंचं नाव काढतं. नारायणगावात ते निघणारच. पोटुशी असताना विठाबाई भाऊ मांग बोर्डावर उभ्या राहिल्या, मध्येच कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा खेळाला उभ्या राहिल्या. ही हकिकत महाराष्ट्रात सगळ्यांनी ऐकलीय. मीही ती कितीदा अभिमानानं सांगितलीय.

भिंतीसारख्या कनातीला टेकून एक तरुण मुलगी बसलीय. कडेवरचं लेकरू झोपलंय. ती म्हणते, ‘लोक ही गोष्ट सांगून टाळ्या घेत्यात. मला ऐकताना पोटात गोळा येतो. त्या बाईला त्या रात्री कुणी म्हनलं का, बाई, आज र्‍हाऊ दे, तुजं पैसं मिळतील?’

कुणी बोलत नाही. विठाबाईंना राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार मिळाले, आज त्यांच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव देतं आणि 2002 साली त्या गेल्या तेव्हा अखेरचे दिवस हलाखीचे होते. मी ती गोष्ट पुन्हा तशी सांगू शकणार नाही. ताई वहीच्या मागच्या पानावर नवा रकाना आखते आणि वर लिहिते, ‘बाळंतपण.’

मग मोबाइलचा विषय निघतो. यात्रेत कुणीही गौळण, बतावणी, आख्खा वग चित्रित करतो, चॅनेलवर टाकतो, पैसे त्याला मिळतात. कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्याचाही हक्क मान्य केलेला आहे, हे ताई सांगते. एक सोंगाड्या विचारतो, बोर्डावरून उतरून मोबाइल धरायचा कुणी? याचं उत्तर आज निघत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ जातो तो हजेरीवर. रात्रीचा खेळ मोडला की तिथंच पाठ टेकायची, सकाळी गावापुढं हजेरीला उभं राहायचं, मग ट्रक, पुढचं गाव, पुन्हा रात्र. तरुण मुलगी लुगड्याचा काठ थोडा वर करते. घोट्याभोवती घुंगरांच्या पट्ट्याचा काळा वळ पडलाय, त्याच्या खालच्या कडेला ताजी सालटं. ‘सुपारी एक, खेळ दोन,’ ती म्हणते. ठरतं ते एवढंच की यंदा प्रत्येकानं आपापल्या मॅनेजरला हजेरी सुपारीत वेगळी लिहायला लावायची.

सह्या सुरू होतात. मामा विचारतात, ‘बोर्डावरचं नाव लिवू का आधारवरचं?’ ताई म्हणते, दोन्ही. शाईचा पॅड हातोहात फिरतो.

तेवढ्यात पुढच्या बाजूला जीप थांबते. कमिटीची पाच माणसं, पांढऱ्या टोप्या, एकाच्या हातात नारळ. मॅनेजर उठून खुर्च्या सरकवतो, चहा सांगतो. भाव सुरू होतो. कनातीआड सगळे कान देऊन. आकडा ठरतो, नारळ टेबलावर येतो, मॅनेजर पावतीपुस्तक उघडतो.

तरुण मुलगी लेकरू मामांच्या मांडीवर देते, कनात बाजूला करते आणि टेबलाशी जाऊन उभी राहते.

‘भाऊ, हजेरी धरली का यात?’

मॅनेजर तिच्याकडे बघतो. कमिटीवाले तिच्याकडे बघतात. मालकीणबाई मागून येऊन तिच्या शेजारी थांबल्यात. मॅनेजर पावतीवरची ओळ एकदा वाचतो, पेनाचं टोपण काढतो आणि खाली दुसरी ओळ लिहायला घेतो.