घरी आणील ती होडी

होडी घ्यायला निघालेला माणूस आधी तिचा रंग पाहतो, मग इंजिनाची अश्वशक्ती विचारतो आणि शेवटी किंमत ऐकून गप्प बसतो. तिचे बूड वाकून पाहणारा विरळा! घर घ्यायला जावे आणि पाया सोडून पडद्यांची चौकशी करून परत यावे, त्यातलाच हा प्रकार. शांत पाण्यावर हे खपून जाते. पण वाऱ्याने खवळणाऱ्या पाण्यात मासे धरायला जायचे असेल, तर होडीची निवड हा नुसत्या हौसेचा प्रश्न राहत नाही, घरच्या माणसांच्या सुखरूपतेचा होतो. आमच्या घरी हा प्रश्न चार महिने मुक्कामाला होता. त्या काळात जे पाहिले, तपासले आणि विचारून घेतले, ते फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमचे बिऱ्हाड अमेरिकेत, ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहराच्या वेशीवर आहे. जवळच ईरी सरोवर. सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सारसबागेतले तळे, फार तर कोयनेचा शिवसागर उभा राहतो. ईरीचा पसारा मात्र सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जवळजवळ तेवढा. लांबी ३८८ किलोमीटर. तेवढ्या प्रवासात मुंबईचा माणूस कोल्हापूर गाठतो! एवढ्या पसाऱ्याला खोली मात्र सरासरी १९ मीटर. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधील पाच महासरोवरांत हेच सर्वांत उथळ.

उथळ म्हणजे निर्धोक, असा कोणाचा समज असेल तर तो येथे टिकत नाही. खोल समुद्रात लाट लांबरुंद होते आणि होडीला संथपणे उचलून खाली ठेवते. उथळ पाण्यात तीच लाट आखूड आणि उभी होते. एकीतून सावरावे तो दुसरी पुढ्यात. त्यातून हे सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरलेले, आणि इकडचे वारेही पुष्कळदा त्याच दिशेने वाहतात. त्यामुळे वाऱ्याला सबंध लांबी मोकळी मिळते. भरलेली परात उचलताना पाणी एका काठाकडे धावते, तसे मोठ्या वादळात ईरीचे पाणी पूर्वेकडच्या बफलो शहराजवळ कित्येक फूट चढते आणि पश्चिमेच्या टोकाला उतरते. गोड्या पाण्याला कमी लेखू नये. शेजारच्या सुपीरिअर सरोवरात १० नोव्हेंबर १९७५ रोजी ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ ही ७२९ फूट लांबीची बोट २९ माणसांसह बुडाली. मग आमच्या अठरा-एकोणीस फुटी होडीची काय कथा!

अशा पाण्यात जायचे कशासाठी? तर स्मॉलमाउथ बास नावाच्या माशासाठी. रंगाने कांस्यासारखा, अंगावर गडद उभे पट्टे, वजनाने सहसा दोन ते पाच पौंड. पण गळाला लागला की पाण्याबाहेर उसळी मारून असा झुंजतो की आपल्याकडच्या महसीरच्या शौकिनांनाही त्याचे कौतुक वाटावे. नोव्हेंबर २०२२ मध्ये ह्याच सरोवरात दहा पौंडांहून अधिक वजनाचा बास मिळाला. त्याची वस्ती खडकाळ उथळ्यांवर आणि बेटांच्या कडेला. ओहायोच्या बाजूला तर ‘साउथ बास’, ‘मिडल बास’ आणि ‘नॉर्थ बास’ अशी त्याच्या नावाची तीन बेटेच आहेत. मात्र मोठा मासा मिळण्याचे दिवस वसंताचे आणि शरदाचे. तेव्हा वाराही जोरात असतो आणि पाणीही गारठलेले. अशा पाण्यात पडलेला माणूस, उत्तम पोहणारा असला तरी, पहिल्या मिनिटात धापा टाकू लागतो आणि थोड्याच वेळात त्याची बोटे दोरी धरीनाशी होतात.

माशांचे हे वेड आमच्या सोळा वर्षांच्या चिरंजीवांचे. सौ.चे माहेर हर्णैचे. समुद्रावर जाणारी आणि कधी कधी उशिरा परतणारी माणसे पाहतच ती वाढली. चिरंजीवांनी चकचकीत चित्रांची पुस्तके तिच्यापुढे मांडली, तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला.

“जाताना कशी पळते ते मला सांगू नकोस. येताना वारा उलटला, तर ती तुला घरी आणील का, तेवढं सांग.”

“आई, सगळ्याच होड्या परत येतात,” चिरंजीव म्हणाले.

“हर्णैला येऊन असं म्हणून दाखव!” ती म्हणाली, आणि विषय तेथेच थांबला.

पुढे चार महिने आम्ही प्रत्येक होडीला हाच प्रश्न घातला.

आता धातूविषयी. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे. दुसऱ्या महायुद्धात विमाने बांधणाऱ्या ग्रुमन कंपनीतील एका अधिकाऱ्याला १९४४ साली सुट्टीत जड लाकडी होडी खांद्यावरून वाहून नेताना सुचले, की विमानाच्या पत्र्याची होडी का करू नये? त्यातून ग्रुमनच्या हलक्या होड्या निघाल्या, आणि युद्ध संपल्यावर अमेरिकेत अ‍ॅल्युमिनियमच्या होड्यांचा सुकाळ झाला. फायबरग्लासच्या होडीपेक्षा ही स्वस्त पडते आणि घरच्या साध्या मोटारीमागे ओढून नेता येते. खडकावर आपटली तर पातेल्याला पोचा यावा तसा पोचा येतो, पण सहसा तडा जात नाही. गोड्या पाण्यात ती पुष्कळ वर्षे टिकते. खाऱ्या पाण्यात मात्र तिला जपावे लागते. तेथे जस्ताचे तुकडे बुडाला लावतात, म्हणजे गंज आधी त्यांना खातो.

पण जो गुण तोच दोष! हलकी होडी लाटेवर चटकन उचलली जाते आणि तितक्याच चटकन आपटते. जड फायबरग्लासची होडी त्याच लाटेतून अधिक मऊपणे जाते, हे मान्यच केले पाहिजे. म्हणून खवळत्या पाण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम घेणाराने होडीच्या घडणीकडे दुप्पट लक्ष द्यावे. वजनाने जे मिळत नाही ते आकाराने मिळवायचे असते.

आकारात पहिले बूड. सपाट बुडाची होडी नदीनाल्यांत, शेवाळ्यात उत्तम. दोन फुटांच्या लाटेवर मात्र ती धोबीघाटावरच्या कपड्यासारखी आपटते. दुसरा प्रकार बेताच्या उताराचा. मागच्या बाजूला बुडाचा कोन बारा अंशांच्या आसपास. तिसरा खोल इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा, कोन सतरा-अठरा अंश किंवा अधिक. ही होडी लाट कापीत जाते. तिलाही खोडी आहेतच. उभी असताना ती जास्त डोलते, थोडे अधिक खोल पाणी मागते आणि अधिक ताकदीचे इंजिन खाते. ईरीसाठी आम्ही हा तिसरा प्रकारच मनात धरला.

दुसरी उंची. बास धरणाऱ्यांच्या खास होड्या बहुधा ठेंगण्या असतात. पुढे ऐसपैस ओटा, काठ गुडघ्याएवढाही नाही. गळ फेकायला हे सोयीचे. पण पाठीमागून येणाऱ्या लाटेवरून होडी उतरते, तेव्हा ठेंगणी नाळ पुढच्या लाटेत घुसते आणि पाणी सरळ आत येते. काठ उंच हवेत, नाळ उंच हवी आणि मागची बाजूही, कारण इंजिन तेथे असते. उंच काठाला वारा अधिक लागतो व होडी वाहवत जाते, ही त्याची किंमत आहे. ती देण्याजोगी आहे. लांबी अठरा ते वीस फूट, रुंदी आठ फुटांच्या आसपास, एवढे माप आम्ही ठरवले. साडेआठ फुटांहून रुंद होडी रस्त्याने न्यायची तर इकडे सहसा वेगळा परवाना काढावा लागतो.

तिसरी गोष्ट जोडणी. पत्रा इंचाचा दहावा भाग, म्हणजे अडीच मिलिमीटर, किंवा त्याहून जाड असावा. तो रिव्हेटांनी जोडतात किंवा वितळवून सांधतात. रिव्हेट मारलेली होडी हलकी आणि स्वस्त. पण कढईच्या कानाचे रिव्हेट जसे वर्षानुवर्षांच्या वापराने सैल होतात, तसे लाटांच्या धक्क्यांनी हेही होतात आणि पाणी झिरपू लागते. सांधलेली होडी जाड पत्र्याची, ताठ आणि महाग. तिच्यात रिव्हेट नसले तरी ताण पडणाऱ्या सांध्याला चीर पडू शकते. दोन्ही चांगल्या असतात, दोन्ही वाईटही असतात. दुकानदाराने एकीचीच आरती सुरू केली, की समजावे त्याच्याकडे दुसरी शिल्लक नाही.

जुनी होडी घेताना तीन परीक्षा कराव्यात. गाडीवर असतानाच तिच्यात चार बोटे पाणी ओतावे आणि खाली वाकून कोठे ठिबकते ते पाहावे. मग इंजिनाच्या खालच्या टोकावर हाताने भार द्यावा. मागची फळी हलली तर आतले लाकूड कुजले आहे असे समजावे. शेवटी शक्य तर वजनकाट्यावर न्यावी. तक्तपोशीखालच्या फेसाळ भरावात पाणी मुरले असेल तर होडी कागदावरच्या वजनापेक्षा बरीच भारी भरते, आणि जो भराव तरंगवायचा तोच बुडवू लागतो.

येथे कायद्याचे दोन शब्द. अमेरिकेत १९७१ साली नौका सुरक्षेचा कायदा झाला. त्यानुसार वीस फुटांच्या आतील अशा होडीवर माणसे, वजन आणि अश्वशक्ती यांची मर्यादा सांगणारी पट्टी लावावी लागते. बाहेरून इंजिन लावलेली होडी पाण्याने भरली तरी आडवी न होता समतोल तरंगत राहील एवढा भरावही हवा. वीस फूट किंवा त्याहून लांब होडीला ही सक्ती नाही. म्हणून मोठी होडी घेणाराने हा प्रश्न आपण होऊन विचारावा. १ एप्रिल २०२१ पासून लहान होड्यांच्या चालकाने, इंजिन बंद पाडणाऱ्या कळीची दोरी तिच्यात असेल तर, वेगात जाताना ती अंगाला अडकवावी असाही नियम आहे. चालक पाण्यात पडला तर होडी त्याला सोडून पळत नाही.

इंजिनाविषयी थोडक्यात. ह्या मापाच्या होडीला ११५ ते २०० अश्वशक्ती पुरते. लाटांत तुफान वेग कामाचा नसतो. भरल्या होडीला कमी वेगातही पाण्यावर उचलून धरील एवढा जोर कामाचा असतो. नाळेवर विजेची छोटी मोटर हवी. उपग्रहाच्या साहाय्याने ती होडीला खडकाच्या माथ्यावर नांगराविना रोखून धरते. तिचा दांडा पाच फुटांहून कमी नसावा, नाहीतर नाळ उसळली की पंखा हवेतच फिरतो! पाणी उपसणारे पंप एकाऐवजी दोन असावेत.

अखेरीस दोन होड्या उरल्या. एक अठरा फुटी, ठेंगणी, लालभडक, दीडशे अश्वशक्तीची, अगदी नवी. दुसरी एकोणीस फुटी, खोल बुडाची, उंच काठांची, राखी रंगाची, सहा वर्षे वापरलेली. रिव्हेटांची, पण तिन्ही परीक्षांना उतरलेली. किंमत जवळजवळ सारखीच. चिरंजीवांचा जीव लालीवर. विक्रेत्यांनी सकाळच्या शांत पाण्यात फेरी देऊ केली. सौ.ने नम्रपणे सांगितले, “वारा असेल त्या दिवशी बोलवा, आणि आम्ही तिघंही बसू.”

तसा दिवस आला. दोन-अडीच फुटांच्या लाटा होत्या. लाल होडी वाऱ्याच्या तोंडावर दात वाजवीत गेली. परतताना एका लाटेने नाळेवरून येऊन आम्हा तिघांना आंघोळ घातली. राखी होडी डोलली, तुषार उडाले, पण पाणी आत आले नाही. धक्क्याला लागल्यावर चिरंजीव ओले केस पुसत म्हणाले, “बाबा, रंग काय, आपण नंतरही देऊ शकतो.” सौ.ने होकाराची मान हलवली. व्यवहार झाला.

एवढे करूनही होडी म्हणजे कवचकुंडले नव्हेत. महासरोवरांवर वारा २२ ते ३३ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४० ते ६० किलोमीटर, किंवा लाटा चार फुटांहून उंच होणार असतील, तर हवामान खाते लहान नौकांना इशारा देते. आमच्या घरचा नियम त्याच्या निम्म्यावर थांबतो. लाइफ जॅकेट घाटावरच अंगात चढते आणि घाटावरच उतरते. जाण्याची दिशा आणि परतण्याची वेळ स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहिलेली असते.

ह्या मोसमात चिरंजीवांना साडेचार पौंडांचा बास मिळाला. इकडच्या पुष्कळ शौकिनांप्रमाणे त्यांनी त्याला न्याहाळले आणि पाण्यात सोडून दिले. घरी ही हकिगत ऐकून सौ. म्हणाली, “एवढ्या पैशांची होडी, आणि मासा सोडून आलात?” मग फळ्यावरची वेळ पुसत तिनेच पुढे म्हटले, “बरं झालं. तुम्ही आलात ना!”