एक डॉलर : नाणे की नोट?

कोणत्याही देशाच्या चलनात सर्वांत कमी किमतीच्या नोटेवर कामाचा सर्वांत अधिक भार पडतो. मोठ्या रकमेची नोट तिजोरीत किंवा पाकिटात विसावलेली असते; लहान नोट मात्र दिवसातून अनेक वेळा हात बदलते, घडी पडून मळते आणि लवकरच निकामी होते. निकामी झालेली नोट गोळा करणे, मोजणे, नष्ट करणे आणि तिच्या जागी नवी छापणे हा खर्च सरकारला सतत करावा लागतो. नाणे पाडण्यास प्रारंभी खर्च अधिक येतो, परंतु ते तीस वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकू शकते. मग लहान किमतीच्या नोटेऐवजी नाणेच का वापरू नये, असा प्रश्न सहजच उपस्थित होतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एक डॉलरच्या बाबतीत हा प्रश्न अर्धशतकाहून अधिक काळ चर्चेत आहे. डॉलरची नाणी तेथे पुनःपुन्हा काढण्यात आली आणि प्रत्येक वेळी लोकांनी नोटच पसंत केली. या अनुभवापासून चलनाविषयी आणि सार्वजनिक निर्णयप्रक्रियेविषयीही बरेच शिकण्यासारखे आहे.

युद्धातून जन्मलेली नोट

अमेरिकेत १७९२ च्या कायद्याने डॉलर हे चलन आणि फिलाडेल्फिया येथील टांकसाळ अस्तित्वात आली. पहिले चांदीचे डॉलर १७९४ मध्ये पाडण्यात आले. त्यानंतर सुमारे सात दशके सरकारने एक डॉलरची नोट काढली नव्हती. १८६२ मध्ये यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी ती प्रथम निघाली. तिच्यावर तत्कालीन अर्थमंत्री सॅमन चेस यांचे चित्र होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र १८६९ पासून आले. आज प्रचारात असलेल्या नोटेचा आराखडा १९६३ पासून जवळजवळ तसाच आहे.

आपल्या एक रुपयाच्या नोटेची कथाही याहून फारशी वेगळी नाही. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई भासू लागल्याने ३० नोव्हेंबर १९१७ रोजी ही नोट प्रथम काढण्यात आली. त्या काळात नोटेच्या बदल्यात चांदीचे रुपये मागणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की सरकारजवळचा साठा अपुरा पडू लागला. तेव्हा अमेरिकन काँग्रेसने १९१८ मध्ये पिटमन कायदा संमत केला. त्यान्वये २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळविण्यात आले आणि त्यांतील बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारतासाठी विकण्यात आली. डॉलरच्या चांदीचे असे रुपये झाले. कागदी चलनावरील लोकांचा विश्वास त्या काळी धातूच्या आधारावर कसा उभा होता, हे यावरून दिसून येते.

अमेरिकेतील प्रयत्न

अलीकडच्या काळातील पहिला प्रयत्न १९७१ मधील होय. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या स्मरणार्थ काढलेले हे नाणे ३८ मिलिमीटर व्यासाचे आणि सुमारे साडेबावीस ग्रॅम वजनाचे होते. अशी दहा नाणी खिशात घेऊन हिंडणे कोणालाही रुचणारे नव्हते. १९७८ नंतर ते बंद झाले.

पुढील नाणे १९७९ मध्ये निघाले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या सुसान अँथनी यांची प्रतिमा त्यावर होती. आधीच्या नाण्याचा जडपणा टाळण्यासाठी ते लहान करण्यात आले, परंतु येथे दुसरीच चूक झाली. त्याचा व्यास २६.५ मिलिमीटर होता, तर पाव डॉलरच्या नाण्याचा २४.३ मिलिमीटर. दोन्हींचा रंग पांढरट आणि दोन्हींच्या कडा दातेरी होत्या. पाव डॉलर समजून लोक डॉलर देऊन टाकू लागले. ज्यांना केवळ स्पर्शावर अवलंबून राहावे लागते त्या अंध व्यक्तींची अडचण तर अधिकच होती. पहिल्याच वर्षी ७५ कोटींहून अधिक नाणी पाडण्यात आली होती. त्यांतील फार मोठा साठा तिजोऱ्यांत पडून राहिला.

या अनुभवावरून १९९७ मध्ये नवा कायदा झाला आणि २००० मध्ये सोनेरी रंगाचे, गुळगुळीत कडेचे नाणे आले. त्यावर सॅकागाविया या आदिवासी स्त्रीची प्रतिमा होती. रंग आणि कड यांमुळे ते ओळखण्यास सुलभ होते. त्याचा आकार, वजन आणि विद्युतचुंबकीय गुणधर्म पूर्वीच्या नाण्यासारखेच ठेवल्याने विक्रीयंत्रांतही ते चालू शकत होते. पहिल्या वर्षी शंभर कोटींहून अधिक नाणी पाडण्यात आली. आता नाण्यात दोष काढण्यास जागा नव्हती, तरीही दैनंदिन व्यवहारात ते रुळले नाही. ते खरे रुळले इक्वेडोरमध्ये. त्या देशाने २००० मध्ये अमेरिकन डॉलर हेच आपले चलन म्हणून स्वीकारले आणि तेथील बाजारात ही सोनेरी नाणी सर्रास चालू लागली. जे नाणे एका देशात नाकारले गेले तेच दुसऱ्या देशात स्वीकारले गेले. तेव्हा अपयशाचे कारण नाण्याबाहेर शोधणे प्राप्त होते.

त्यानंतरही २००७ पासून दिवंगत राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिमा असलेली नाणी दरवर्षी चार याप्रमाणे काढण्यात आली. कायद्याने ती पाडणे बंधनकारक होते, परंतु मागणी नव्हती. २०११ च्या अखेरीस फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत सुमारे १४० कोटी डॉलर-नाणी साठली, तेव्हा व्यवहारासाठी ती पाडणे थांबविण्यात आले. पुढील नाणी मुख्यतः संग्राहकांसाठी निघाली.

या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. नाणे आले, पण नोट गेली नाही. दोन्ही उपलब्ध असताना लोक सवयीची आणि वजनाने हलकी वस्तू निवडतात. शंभर नोटांचे वजन सुमारे शंभर ग्रॅम, तर शंभर नाण्यांचे आठशे ग्रॅमहून अधिक भरते. दुकानदाराच्या गल्ल्यातही नाण्यांसाठी जो कप्पा हवा, तो तो नोटांसाठी राखतो.

इतर देशांनी काय केले?

ज्या देशांनी हा बदल यशस्वी केला त्यांनी नोट मागे घेण्याचा निर्णय निश्चयाने अमलात आणला. ब्रिटनमध्ये एक पौंडाचे नाणे १९८३ मध्ये आले आणि बँक ऑफ इंग्लंडची एक पौंडाची नोट मार्च १९८८ मध्ये व्यवहारातून बाद झाली. ऑस्ट्रेलियाने एक डॉलरचे नाणे १९८४ मध्ये काढले. कॅनडात अकरा बाजूंचे सोनेरी नाणे १९८७ मध्ये आले आणि बरोबर दोन वर्षांनी तेथील नोटेचे वितरण थांबविण्यात आले. प्रारंभी तेथेही कुरकुर झाली, परंतु पुढे नाण्यावरील लून पक्ष्यावरून लोकांनी त्याला 'लूनी' असे लाडके नाव दिले.

तथापि नाण्यामुळे सर्व प्रश्न सुटतात असेही नाही. ब्रिटनमध्ये एक पौंडाची बनावट नाणी इतकी वाढली की दर तिसांमागे सुमारे एक नाणे खोटे असल्याचा अंदाज होता. त्यामुळे २०१७ मध्ये बारा बाजूंचे द्विधातू नाणे काढून जुने मागे घ्यावे लागले.

हिशेब कसा बदलला?

अमेरिकेत सरकारी खर्चाची काँग्रेससाठी तपासणी करणाऱ्या कार्यालयाने या विषयाचा वेळोवेळी अभ्यास केला आहे. आपल्याकडील महालेखापरीक्षकांच्या कामाशी त्याचे काम बरेच मिळतेजुळते आहे. नोटेऐवजी नाणे आणल्यास तीस वर्षांत सुमारे ५५० कोटी डॉलरचा लाभ होईल, असा अंदाज या कार्यालयाने २०११ मध्ये दिला. २०१२ मध्ये हा आकडा ४४० कोटींवर आला. २०१९ च्या अहवालाने तर उलटच निष्कर्ष काढला : असा बदल केल्यास तीस वर्षांत ६१ कोटी ते २६० कोटी डॉलरचा तोटा संभवतो.

आठ वर्षांत नफ्याचा तोटा कसा झाला? याचे मुख्य कारण नोटेचे वाढलेले आयुष्य हे होय. १९९० च्या सुमारास एक डॉलरची नोट दीड वर्षाच्या आसपास टिकत असे. २०१९ च्या अहवालात तिचे आयुष्य सुमारे आठ वर्षे धरण्यात आले. नोटा तपासणारी यंत्रे सुधारली, हे त्यामागील एक कारण. पूर्वी यंत्रात उलट बाजूने आलेली धडधाकट नोटही नष्ट केली जात असे; नवी यंत्रे नोटेच्या दोन्ही बाजू ओळखू लागली. म्हणजे काटकसर साधली ती धातूने नव्हे, तर जुन्याच व्यवस्थेतील एका सुधारणेने.

दुसरा मुद्दा लाभाच्या स्वरूपाचा आहे. २०११ च्या अंदाजातील लाभ छपाई वाचल्यामुळे होणारा नव्हता. नाण्याचे दर्शनी मूल्य आणि ते पाडण्याचा खर्च यांतील फरक सरकारच्या पदरी पडतो, त्यातून तो होणार होता. नाणी घरातील डब्यांत, खणांत आणि मोटारींत पडून राहतात; म्हणून दोन नोटांच्या जागी तीन नाणी लागतील असे गृहीत धरले होते. लोकांजवळ पडून राहिलेले प्रत्येक नाणे हे एका अर्थाने लोकांनी सरकारला दिलेले बिनव्याजी कर्जच असते. सरकारचा हा लाभ नागरिकांच्या खिशातून येतो, त्यातून राष्ट्राच्या संपत्तीत भर पडत नाही. 'बचत' हा शब्द वाचताना ती कोणाची आणि कोणाच्या खर्चाने, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

या वादाला हितसंबंधांचीही किनार होती. नोटांचा कागद १८७९ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातील डाल्टन येथील क्रेन कंपनी पुरवीत आली आहे; तेथील लोकप्रतिनिधींनी नोटेची बाजू घेतली. तांब्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या ॲरिझोनाचे प्रतिनिधी जिम कोल्ब यांनी दीर्घकाळ नाण्याचा पुरस्कार केला. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद लोकहिताचाच होता; त्यातील खरे किती, हे ठरविण्यास निष्पक्ष हिशेबाचाच उपयोग झाला.

आपला अनुभव

भारताने या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने दिले. दोन रुपयांचे नाणे १९८२ मध्ये आणि पाच रुपयांचे १९८५ मध्ये निघाले. एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये, तर दोन व पाच रुपयांच्या नोटांची १९९५ मध्ये थांबविण्यात आली. पाच रुपयांची नोट पुढे काही काळ, तर एक रुपयाची २०१५ मध्ये पुन्हा छापण्यात आली. तथापि रोजचा व्यवहार नाण्यांवरच स्थिरावला. त्यानंतर दहा रुपयांचे द्विधातू नाणे आले. मार्च २०१९ मध्ये अंध व्यक्तींना ओळखता यावीत अशा रीतीने आखलेली नवी मालिका जाहीर झाली. वीस रुपयांचे बारा बाजूंचे नाणे तीतीलच.

परंतु दहा रुपयांच्या बाबतीत नोट आणि नाणे दोन्ही चालू राहिली आणि अमेरिकेसारखीच अडचण वेगळ्या रूपाने उद्भवली. नाण्यांचे आराखडे अनेक असल्याने त्यांपैकी काही खोटे असल्याच्या अफवा पसरल्या. देशाच्या अनेक भागांत दुकानदार आणि वाहनचालक ती नाकारू लागले. अखेर १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने निवेदन काढून, तोपर्यंत निघालेली सर्व १४ प्रकारची नाणी वैध असल्याचे स्पष्ट केले.

नाणे नाकारले गेल्याची झळ सर्वांना सारखी बसत नाही. ज्याच्याजवळ पर्याय आहे तो नोट काढून देतो किंवा भ्रमणध्वनीवरून पैसे चुकते करतो. भाजी विकणारी स्त्री, रोजंदारीवरील मजूर, गावातील वृद्ध यांची दिवसाची कमाई मात्र अशा सुट्या नाण्यांतच असते. ती कोणी घेत नाही म्हटल्यावर त्यांच्या हातातील पैशाचे मोल त्या दिवसापुरते तरी कमी होते.

यासंबंधी कायदा स्पष्ट आहे. नाणे अधिनियम, २०११ अन्वये एक रुपया व त्यावरील किमतीची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी, तर अर्ध्या रुपयाचे नाणे दहा रुपयांपर्यंत वैध चलन आहे. बँकांच्या शाखांनी नाणी स्वीकारावीत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ग्रामपंचायतीच्या करवसुलीच्या वेळी, शाळेतील बचत उपक्रमात किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी ही माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे कठीण नाही. पंचायतीने स्वतःच्या कार्यालयात नाणी विनातक्रार स्वीकारली, तर गावातील शंका सूचनाफलकापेक्षाही लवकर दूर होईल.

चलन धातूचे असावे की कागदाचे, याचे एकच उत्तर सर्व देशांना आणि सर्व काळाला लागू पडत नाही. नोट किती टिकते, नाण्यास किती खर्च येतो आणि रोखीचे व्यवहार किती होतात, यांवर ते अवलंबून राहते आणि काळानुसार बदलते. १७९३ पासून पाडला जाणारा अमेरिकेचा एक सेंट त्याच्या निर्मितीचा खर्च तीन सेंटांहून अधिक झाल्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये बंद झाला, हे त्याचे अगदी अलीकडचे उदाहरण. मात्र एक कसोटी कायम राहते. समोरचा मनुष्य आपले नाणे किंवा नोट निःशंकपणे घेईल, ही खात्री चलनाच्या मुळाशी असते. ती टांकसाळीत किंवा छापखान्यात तयार होत नाही. बाजारातील प्रत्येक लहान व्यवहारात ती नव्याने राखावी लागते.