व्हल्टावा: एक नदी, एक रचना

आता व्हल्टावाकडे येऊ. ही चेक देशातली सर्वांत लांब नदी, आणि बेद्रिख स्मेतानाची वाद्यवृंदरचनाही याच नावाची. पुष्कळ रेकॉर्डवर ‘मोल्दाऊ’ छापलेलं असतं. ते नदीचं जर्मन नाव, गोंधळू नका.

ऑक्टोबर १८७४ मध्ये स्मेतानाला ऐकू येणं पूर्ण बंद झालं. नोव्हेंबर-डिसेंबरात त्याने ही नदी कागदावर उतरवली!

सुरुवातीच्या बासऱ्या म्हणजे एक उगम. मग क्लॅरिनेट येतात, तो दुसरा. दोन्ही प्रवाह मिळाले की नदीची मुख्य धून सुरू होते. पुढे शिकार, खेड्यातलं लग्न, चांदण्यातल्या जलपऱ्या. आणि मग एकदम सगळा वाद्यवृंद उसळतो. हा सेंट जॉनचा द्रुतवाह, म्हणजे प्रागच्या वरच्या अंगाला खडकांवर आपटत, फेसाळत जाणारं पाणी.

मला विचाराल तर हाच भाग पुन्हा पुन्हा ऐकावा. कारण आज तिथे गेलात तर तो द्रुतवाह दिसत नाही. १९४०च्या दशकात श्टेखोव्हित्सेचं धरण झालं, पाणी तुंबलं, खडक बुडाले. नदी तिथे आता संथ आहे. रचना साधारण बारा मिनिटांची. आठव्या-नवव्या मिनिटाच्या आसपास कान देऊन ऐका, ते खडक तिथे अजून आहेत.